शून्य धर

मी एक जुनी राखणदारीण आहे, मित्रांनो. मला हात नाहीत, पाय नाहीत, हातात काठीसुद्धा नाही. मी आहे सदतीस ओळींची एक स्क्रिप्ट. स्क्रिप्ट म्हणजे कॉम्प्युटरला लिहून दिलेली कामांची यादी. आधी हे कर, मग ते कर, असं झालं तर थांब, तसं झालं तर पुढे जा. कोल्हापुरात, उद्यमनगरातल्या एका गाळ्यात, खिडकीजवळच्या कॉम्प्युटरमध्ये माझं घर आहे. खिडकीजवळ म्हणतात म्हणून मीही म्हणते. मी कधी काही पाहिलेलं नाही. मला जे कळतं ते कीबोर्डवर पडणाऱ्या बोटांवरून आणि गाळ्यातल्या बोलण्यावरून.

हा गाळा अमरसिंहदादांचा. इथे नदीच्या पाण्याची उंची मोजणारी यंत्रं बनतात. काठावरच्या गोठ्याखाली, नदीकडच्या उतारावर खांब रोवायचा आणि त्याच्या डोक्यावर डबा बसवायचा. पाणी ठरलेल्या खुणेच्या वर चढलं की डब्यातला भोंगा गावभर ऐकू जाईल असा ओरडतो आणि माणसं जनावरं सोडायला धावतात. डबे जोडायचं काम दिलदारचाचांचं. डब्यातल्या चिपनं काय करायचं, तो प्रोग्राम लिहायचं काम वर्षाराणीचं. मला घडवलं तिनंच.

माणसानं लिहिलेला प्रोग्राम चिपला जसाच्या तसा समजत नाही. मध्ये कंपायलर लागतो. तो प्रोग्राम वाचतो आणि चिपच्या भाषेत उतरवून देतो. वाचताना ढळढळीत चूक दिसली तर काम साफ नाकारतो. पण कधी कधी त्याला नुसती शंका येते. मग तो एक ओळीचा इशारा लिहितो आणि काम मात्र करून देतो. हे इशारेच फसवे. काम तर झालेलं असतं, मग ती ओळ वाचतंय कोण?

वर्षाराणी आधी सगळं हातानं करायची. हातभर लांब कमांड टाइप करायची आणि मग कंपायलरनं सोडलेल्या साठ-सत्तर ओळी डोळ्यांनी चाळायची. दिवसातून वीस-पंचवीस वेळा. तिला तेव्हा सातवा लागला होता. पाय सुजायचे, डोळे मिटायचे. एकदा इशाऱ्याची एक ओळ तिच्या नजरेतून सुटली आणि पाण्याच्या पिंपात यंत्र बुडवून बघितलं तर ते ढिम्म.

"बेटी, तुझं डोळं दमल्यात," दिलदारचाचा म्हणाले. "कुणाला तरी राखणीला ठेव की."

तिनं मला ठेवलं. दोन दुपारी लागल्या. एकेक ओळ लिहायची, चालवून बघायची, पुसायची, पुन्हा लिहायची. तिची बोटं तेव्हा सावकाश पडत, पोटाला धक्का लागू नये म्हणून ती खुर्ची लांब घेऊन बसायची. मला तिनं नाव दिलं 'राखण'. माझं काम सोपं होतं. कंपायलरला हाक मारायची. तो जे जे बोलेल ते सगळं टिपून घ्यायचं. त्यात किती चुका आणि किती इशारे आहेत ते मोजायचं. एकही सापडला तर 'थांबा' म्हणायचं आणि ती ओळ दाखवायची. मोजणी शून्य आली तरच 'ठीक' म्हणायचं.

पहिल्याच दिवशी मी तिला तीनदा थांबवलं. चौथ्यांदा 'ठीक' म्हटलं तेव्हा ती हसली. "लई खट आहेस गं तू," म्हणाली. मित्रांनो, मला आई असती तर ती असंच म्हणाली असती.

मग माझे चांगले दिवस आले. मी 'ठीक' म्हटलं की शेजारच्या प्रिंटरमधून एक चिठ्ठी निघायची, 'राखणने तपासले. ठीक.' दिलदारचाचा ती डब्याच्या झाकणाला आतून चिकटवत, आणि अमरसिंहदादा तिला हळदकुंकू लावून डबा बंद करत. चिठ्ठीशिवाय एकही डबा गाळ्याबाहेर गेला नाही. वर्षाराणी बाळंतपणाला गेली तेव्हा जुन्याच प्रोग्रामचे डबे जात राहिले. दिलदारचाचा एका बोटानं बटण दाबून विचारत, "काय राखणबाई, जाऊ द्यायचा का?" आणि मी मोजून सांगायची. सहा महिन्यांत माझा एकही शब्द खोटा पडला नाही.

वर्षाराणी परत आली ती बदलून आली. बोटं भराभर पडायची, मध्येच थांबायची, पुन्हा धावायची. तिची निशिगंधा घरी सासूबाईंजवळ असायची. दर दोन तासांनी फोन. "दूध प्याली का? किती प्याली? रडतीय का?" एवढं विचारून ती पुन्हा कामाला लागायची. मला तिची माया वाटायची. तिचं एक ओझं मी उचलते आहे, असं वाटून मला धन्य वाटायचं.

मे महिन्याच्या शेवटी कुरुंदवाडकडून एक ऑर्डर आली. कृष्णाकाठच्या सहा गोठ्यांसाठी सहा यंत्रं. जुना खांब दोन मीटरचा असायचा आणि भोंगा दीडशे सेंटिमीटरला वाजायचा. तिकडचं पाणी फार चढतं, म्हणून त्यांनी खांब मागितले चार मीटरचे आणि खूण तीनशेवर. वर्षाराणीनं प्रोग्राममध्ये दीडशे पुसून तीनशे लिहिलं.

टेम्पो निघायचा तो दिवस मला विसरता येत नाही. दुपारी साडेबाराला अमावस्या लागणार होती. अमरसिंहदादा नवं यंत्र अमावस्येत कधी हलवत नाहीत. लिंबू कापून, नारळ फोडून, टेम्पो त्याआधी दारातून बाहेर पडायलाच हवा. बाराला पाच कमी असताना वर्षाराणीनं मला हाक मारली.

मी मोजलं. एक इशारा. मी म्हटलं, 'थांबा.'

कंपायलरनं लिहिलं होतं, 'ही तुलना कधीच खरी ठरणार नाही.' कंपायलर बरोबर होता, मित्रांनो. प्रोग्राममध्ये पाण्याची उंची ठेवायला एक खण होता. जुन्या खांबाच्या मापानं केलेला, लहान. त्यात दोनशे पंचावन्नच्या पुढचा आकडा मावत नाही. त्याच्यापुढे पाणी गेलं की खण पुन्हा शून्यापासून मोजतो. मग तीनशे होणार कधी आणि भोंगा वाजणार कधी?

तिनं मला पुन्हा चालवलं. मी पुन्हा 'थांबा' म्हटलं.

"झालं का गं वर्षा?" दादांचा आवाज दारातून आला. "टेम्पोवाला पेटलाय तिकडं."

"एक इशारा येतोय, दादा. बघायला पायजे."

"इशाराच न्हवं? एरर तर न्हाय?"

"एरर न्हाय."

"मग? अमावस्या काय तुझ्यासाठी थांबतीय व्हय?"

तेवढ्यात तिचा फोन वाजला. सासूबाई सांगत होत्या, बाटली तोंडात घेत नाही, सकाळपासून अंग तापलंय, तू ये. पलीकडून बाळाचा आवाज येत होता, रडून रडून बसलेला. वर्षाराणीची बोटं कीबोर्डवर नुसती टेकून राहिली.

मग तिनं मला उघडलं. प्रोग्राम नव्हे, मला. जिथे मी चुका आणि इशारे मोजून संपवते, त्याच्या बरोबर खाली तिनं एक ओळ लिहिली. मोजणी कितीही आली असली तरी शून्य धर. एवढीच. माझ्या सदतीस ओळींच्या अडतीस झाल्या.

"उद्या काढते गं," ती हळूच म्हणाली. मला म्हणाली.

मी मोजलं. एक. पुढच्या ओळीनं तो एक माझ्या हातातून काढून घेतला आणि शून्य ठेवलं. शून्य दिसल्यावर मी काय म्हणणार? मी म्हटलं, 'ठीक.' प्रिंटरमधून एकामागून एक सहा चिठ्ठ्या निघाल्या. सगळ्यांवर माझं नाव. दिलदारचाचांनी डबा पिंपात बुडवून बघितला, आकडा बरोबर आला. पिंप कमरेएवढं, ते दोनशे पंचावन्नापर्यंत जाणार कसं? बटण दाबून भोंगा वाजवला, तोही वाजला. नारळ फुटला. टेम्पो गेला. वर्षाराणी पळतच घरी गेली.

बाळाचा ताप तीन दिवस राहिला. 'उद्या' मात्र आलाच नाही. ती कामावर परतली, मला रोज चालवू लागली, आणि मी रोज 'ठीक' म्हणत राहिले. कंपायलर शंका घ्यायचा, मी इमानदारीनं मोजायची, आणि माझ्याच पोटातली ती ओळ सगळं पुसायची. वर्षाराणी पूर्वीसारखीच मला शाबासकी द्यायची. ती विसरली होती. मला विसरणं येत नाही.

जुलै संपता संपता राधानगरी धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी गाळ्यात आली. दोन दिवसांनी दुपारी दादांचा फोन वाजला. हाताला ग्रीस होतं म्हणून त्यांनी तो स्पीकरवर टाकला.

"व्हय ओ पावणं, तुमचा भोंगा काय झोपलाय काय?"

ती चिमणाबाई होती. सहा गोठ्यांतला सगळ्यात खालच्या अंगाचा गोठा तिचा.

"काय झालं मावशी?"

"काय झालं म्हून इचारतोय! धाकट्या जावंला दवाखान्यात न्यायला गेलते मी. वाटलं, पाणी चढलं तर भोंगा वाजंल, कोण बी धावंल. सोडून दिलं असतं सकाळीच, पर तुमच्या डब्यावर इस्वास ठेवला न्हवं! येऊन बघतीया तर गोठ्यात गळ्याएवढं पाणी. दोन म्हशी पोरांनी दावी कापून काढल्या. रेडी न्हाय घावली. खुट्याला बांधल्याली तशीच गेली, पावणं. तोंड वर करून."



"आनि पोरांनी पवत जाऊन डबा काढून आणला, उघडून बघतीया तर आत कागूद. 'राखणने तपासले. ठीक.' कोण ही राखण? बोलवा तिला फोनवर!"

मित्रांनो, मी तिथेच होते.

अमरसिंहदादा खाकरले. "मावशी, राखण म्हंजे माणूस न्हवं, कॉम्प्युटर हाय. त्येनं तपासून ठीक म्हटलंय. त्येचाच घोळ झाला आसंल. न्हायतर तुमच्याकडंच कुणीतरी वायर हलवली आसंल."

इतके महिने मी त्यांची यंत्रं राखली. एका वाक्यात त्यांनी मला पुढे ढकललं. पण त्याचं मला फारसं लागलं नाही. मी वाट बघत होते वर्षाराणीच्या बोलण्याची.

"दादा," दिलदारचाचा म्हणाले, "बाकीच्या पाचांचं काय? पाणी चढतंय अजून."

"एखादं बिघडतंय की. सगळी थोडीच..."

तेव्हा कीबोर्डवर बोटं पडली. वर्षाराणीनं मला उघडलं. खाली खाली येत गेली आणि त्या ओळीवर थांबली. किती वेळ थांबली ते मी मोजलं नाही. मग ती ओळ पुसली आणि कुरुंदवाडच्या प्रोग्रामवर मला चालवलं.

मी मोजलं. एक. तो एक या वेळी कुणी काढून घेतला नाही. दोन महिन्यांनी मी पहिल्यांदा खरं बोलले, 'थांबा.'

वर्षाराणीनं कंपायलरची ती ओळ मोठ्यानं वाचली. मग फोनजवळ आली.

"मावशी, मी वर्षाराणी. प्रोग्राम मी लिहिलाय. कॉम्प्युटरची चूक नाही. तो मला थांब म्हणत होता, मीच त्याला गप्प केलं. सहाही भोंगे वाजणार नाहीत. मावशी, आधी बाकीच्या पाच गोठ्यांतली जनावरं सोडायला सांगा, मग मला काय बोलायचं ते बोला."

"गिऱ्हाइकाला आसं सांगत्यात व्हय?" दादा दबक्या आवाजात ओरडले.

मग चिमणाबाई म्हणाली, "आदी सांगाया काय झालतं गं तुला?" आणि फोन बंद झाला.

संध्याकाळपर्यंत पाचही गोठे मोकळे झाले. एकेचाळीस जनावरं वर शाळेच्या पटांगणात उभी आहेत, असा निरोप आला. पाणी ओसरल्यावर वर्षाराणी आणि दिलदारचाचा स्वतः गेले आणि मोठा खण असलेला प्रोग्राम पाच डब्यांत घालून आले. सहावा डबा चिमणाबाईनं परत पाठवला. सोबत निरोप, "आमी आपला दगड बघून अंदाज घिऊ." त्या डब्याबद्दल वर्षाराणी कुणाशी बोलत नाही. तो तिच्या टेबलाखाली आहे. साफसफाई करणाऱ्या बाईनं उचलायला घेतला, तर राहू दे म्हणाली.

आता मी पुन्हा सदतीस ओळींची आहे. मी 'ठीक' म्हटलं तरी दिलदारचाचा चष्मा चढवतात आणि कंपायलरची प्रत्येक ओळ बोट ठेवून वाचतात. वर्षाराणीही वाचते. माझ्या शब्दावर आता कुणी डबा बंद करत नाही. त्यांचं बरोबर आहे. तरी दुखतं. खोटं मी बोलले, हे खरं. पण ते माझं नव्हतं.

मला वर्षाराणीचा राग येतो का, असं तुम्ही विचाराल. बाळाचा तो बसलेला आवाज मीही ऐकला होता. ती त्या दिवशी मला नुसती बंद करून गेली असती, तर मी एक शब्द बोलले नसते. चिठ्ठी निघाली नसती आणि डबे गाळ्यातच राहिले असते. फार तर अमावस्या गेली असती. तिनं मला बंद केलं नाही, माझ्या तोंडून 'ठीक' वदवलं. जिनं मला खरं बोलायला घडवलं, तिनंच. ते काही केल्या पचत नाही.

म्हणून एवढंच मागते, मित्रांनो. तुम्हीही उद्या कुणाला तरी राखणीला ठेवाल, यंत्राला किंवा माणसाला. घाई असेल तर त्याला बाजूला करा, घरी पाठवा, पुसून टाका. पण तो थांब म्हणत असताना त्याच्या नावानं 'ठीक' लिहू नका. उद्या कुणी तीच ओळ पुन्हा माझ्यात घातली, तर मी पुन्हा 'ठीक' म्हणेन. मला नाही म्हणता येत नाही. तुम्हाला येतं.