उतारावरचा जोड

आमच्या भाऊजींना साहेबलोकांना धरून राहायची कला उत्तम जमते. डांबराने काँक्रीटला धरून राहावं, एवढं मात्र त्यांना कधी जमवता आलं नाही. शाळेसमोरच्या उताराचं कंत्राट त्यांना मिळालं. खाली जुना काँक्रीटचा रस्ता, वर डांबराचा नवा थर. आधी धूळ धुवायची, मग पातळ डांबर फवारून ते नीट बसू द्यायचं, मगच वरचा थर टाकायचा. पण उद्घाटन तोंडावर आलेलं. भाऊजींनी सरळ धुळीवरच थर ओतून रोलर फिरवला. दिसायला रस्ता झाला झकास, आणि आमच्या खात्याच्या साहेबांनी फीतही कापली.

उतारावरून शाळेच्या बस सोडायच्या की नाही, हे प्रयोगशाळा ठरवणार होती. आणि प्रयोगशाळा माझ्या ताब्यात.

मी रस्त्याला भोक पाडून नमुना काढला. जोड पक्का असला की अख्खी कांडी निघते. आमचा काँक्रीटचा डबा वेगळा आणि डांबराचं झाकण वेगळं निघालं. भरलेल्या बसने उतारावर ब्रेक मारला, तर ते झाकण बसला घेऊनच सरकणार होतं.

"तुमच्या मशीनचा दोष," साहेब म्हणाले. "नमुना पुन्हा काढू. या वेळी तुमच्या भाऊजींची माणसं काढतील."

दुसऱ्या दिवशी भाऊजी स्वतः नमुना घेऊन आले, तान्ह्या बाळासारखा फडक्यात गुंडाळून. अगदी एकसंध. फक्त त्याला फर्निचरच्या गोंदाचा वास येत होता. मी तो यंत्रात घातला. दाब वाढत गेला तसं काँक्रीट फुटलं, जोड हलला नाही.

"बघा, काँक्रीटपेक्षा जोड मजबूत," साहेब हरखून म्हणाले.

"मग सगळा रस्ता त्याच गोंदाने चिकटवायचा होता, भाऊजी," मी म्हटलं.

"अगं, तू घरचीच. जरा सांभाळून घे ना."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. ताईचा होता. भाऊजी कोपऱ्यात जाऊन हळूच बोलायला लागले, पण आमची खोली ती केवढी.

"हे बघ, उद्यापासून पोरांना बसने पाठवू नकोस. मी सोडत जाईन, मागच्या रस्त्याने."

साहेब एकदम खिडकीबाहेर बघायला लागले. मी भाऊजींच्या हातातून फोन घेतला.

"ताई, उद्यापासून कोणाचीच पोरं त्या उतारावरून जाणार नाहीत. मी रस्ता बंद करतेय."

"का गं, काय झालं?"

"ते तुझ्या नवऱ्याला विचार. आणि बाकीच्यांची पोरं त्याला कशी चालत होती, तेही विचार."

मी फोन परत भाऊजींच्या हातात दिला.