न बदललेला फिल्टर

औषधांच्या दुकानात पंचवीस वर्षं काढलेल्या माणसाला कशावरही सहजासहजी विश्वास ठेवता येत नाही. ताईंचंही तसंच झालं होतं. गल्लीतली लहानथोर सगळी त्यांना ताईच म्हणत. बाटली हातात आली की त्या आधी तारीख बघणार, मग सील, आणि मगच माणसाकडे बघणार. घरीही तीच सवय. दूधवाल्यापासून प्लंबरपर्यंत कोणी सुटत नसे. अपवाद एकच होता. गाडीच्या बाबतीत त्यांनी कधी लक्ष घातलं नव्हतं, कारण गाडी बघायला मिस्त्री होते.

मिस्त्री म्हणजे ताईंच्या यजमानांचे जुने मित्र. रस्त्याच्या कोपऱ्यावर त्यांचं एका शटरचं गॅरेज. मध्यभागी खड्डा, त्यावर गाडी उभी करायची आणि खाली उतरून काम करायचं. हाताखाली कोणी नाही, सगळं स्वतः. यजमान म्हणायचे, "मिस्त्रीने हात लावला की गाडी वर्षभर बोलत नाही." ते दर सर्व्हिसिंगला गाडी घेऊन जायचे, दिवसभर तिथेच बसायचे आणि संध्याकाळी खुशीत परत यायचे.

या खेपेला यजमानांचा गुडघा सुजला होता, म्हणून गाडी सोडायला आणि आणायला ताई एकट्याच गेल्या. त्यानंतर आठवड्याने त्यांचे दीर भेटायला आले. दिरांना कुठलंही बॉनेट बंद बघवत नाही. त्यांनी ते उघडलं, ऑइल मोजायची पट्टी ओढून काढली, फडक्याला पुसली, परत बुडवून बाहेर काढली आणि भुवया वर केल्या.

"वहिनी, सर्व्हिसिंग कधी झालं म्हणालात?"

"गेल्या सोमवारी."

"मग हे ऑइल असं डांबरासारखं कसं? पेट्रोलची गाडी आहे. नवीन ऑइल मधासारखं दिसायला हवं, निदान पहिले काही दिवस."

झालं. ताईंच्या मनात पाल चुकचुकली. दीर गेल्यावर त्यांनी बिल शोधून काढलं. त्यावर मिस्त्रींच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: इंजिन ऑइल बदललं, ऑइल फिल्टर बदलला, एअर फिल्टर बदलला. एअर फिल्टर कुठे असतो ते त्यांनी गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात पाहिलं. काळा डबा, चार क्लिपा. त्या उघडल्या तर आतला फिल्टर धुळीने राखाडी झालेला आणि त्याच्या घड्यांमध्ये एक मेलेली माशी. आठवडाभरात एवढी धूळ बसत नाही, हे कळायला मेकॅनिक असायची गरज नव्हती.

"अहो, तुमचा मित्र आपल्याला फसवतोय," त्यांनी रात्रीच्या जेवणाला सांगून टाकलं.

यजमानांनी घास तसाच हातात धरला. "काहीतरीच काय बोलतेस? त्याच्या हातून एखादं राहिलं असेल."

"एखादं? तीन गोष्टी लिहिल्यात, त्यातल्या दोन तर मी स्वतः बघितल्या. इथे पाणी मुरतंय."

"मी बोलेन त्याच्याशी. तू मधे पडू नकोस."

यजमान फार पटकन बोलले होते, आणि त्यांनी नजर ताटातून वर काढली नव्हती. दुकानात कोणी दुसऱ्याच्या नावाची चिठ्ठी घेऊन आला की तो असंच बोलतो, ताईंना वाटलं. पण संशयाची एक बाजू सांभाळतानाच त्यांची दमछाक झाली होती. नवऱ्याची बाजू त्यांनी नंतरसाठी ठेवली.

दोन दिवसांनी त्यांनी मिस्त्रींना फोन केला. ऑइल काळं दिसतंय, एवढंच बोलल्या. मिस्त्री म्हणाले, "घेऊन या वहिनी. परत सगळं करून देतो." ना वाद, ना कारण. याचाही ताईंना संशयच आला. इतक्या लवकर कोण मान्य करतं?

जाण्याआधी त्यांनी तयारी केली. एअर फिल्टरच्या कडेवर पेनने बारीक फुली मारली. ऑइल फिल्टर इंजिनाच्या पुढच्या अंगाला, जरा खाली होता. तिथे हात खुपसून त्यांनी त्याच्या पत्र्यावर नखांना लावायच्या लाल रंगाचा एक ठिपका दिला आणि तो वाळेपर्यंत बॉनेट उघडं ठेवून उभ्या राहिल्या. शेजारीण विचारून गेली, "काय बिघडलं का?"

"अजून कळलं नाही," ताई म्हणाल्या.

गॅरेजमध्ये त्या दाराजवळच्या बाकावर बसल्या. तिथून खड्ड्यातलं दिसत नव्हतं, फक्त मिस्त्रींचं डोकं अधूनमधून वर यायचं. पण ताईंनी डोळ्यांत तेल घालून पहारा दिला. त्यांना एक गोष्ट दिसली. दर थोड्या वेळाने मिस्त्री खिशातून एक छोटी वही काढायचे, काहीतरी खरडायचे आणि ताई बघताहेत असं वाटलं की पाठ फिरवून वही आत सरकवायचे. एकदा ते गाडीपासून निघाले, भिंतीवरच्या फळीपर्यंत गेले, तिथे नुसतेच उभे राहिले आणि रिकाम्या हाताने परत आले.

"काय शोधताय भाऊ?"

"काही नाही, काही नाही. झालंच."

काम झाल्यावर त्यांनी हात पुसले. "घ्या वहिनी. ऑइल, दोन्ही फिल्टर, सगळं नवीन."

ताई उठल्या आणि स्वतःच बॉनेट उघडलं. पट्टी काढली; ऑइल खरंच मधासारखं होतं. डब्याच्या क्लिपा काढल्या. एअर फिल्टर कोरा करकरीत. त्यांना जवळजवळ लाज वाटली. मग त्यांनी मोबाईलचा उजेड खाली मारला. जुन्या ऑइल फिल्टरवर लाल ठिपका होता तसा होता.

"भाऊ, ऑइल फिल्टर बदललात?"

"बदलला की. जुना त्या पिंपात टाकला."

"मग हा ठिपका कसला? सकाळी मी लावलाय तो, माझ्या हाताने."

मिस्त्री वाकले. मग सरळ होऊन पिंपात बघितलं, वर-खाली केलं. पिंपात जुना एअर फिल्टर होता, फडकी होती, ऑइल फिल्टर नव्हता. तो नवा, पुठ्ठ्याच्या डब्यात, फळीवर उभा होता. डब्यावर ताईंच्या गाडीचा नंबर मिस्त्रींच्याच अक्षरात.

ताईंनी मनात वाक्यं जुळवून आणली होती. इतक्या वर्षांची मैत्री, लाज कशी वाटली नाही, वगैरे. ती तशीच राहिली. कारण मिस्त्रींनी चोरी पकडल्यासारखं तोंड केलंच नाही. त्यांनी खिशातून वही काढली, पान उघडलं आणि ताईंपुढे धरलं. 'ऑइल फिल्टर' असं लिहिलं होतं आणि पुढे बरोबरची खूण.

"खूण तर केलीय मी," ते हळूच म्हणाले. "वहिनी, केल्याशिवाय खूण करत नाही मी. म्हणून तर वही ठेवली. अलीकडे जरा... एखादी गोष्ट केली की करायची आहे, यातच घोटाळा होतो."

"कधीपासून?"

ते उत्तर देणार होते. पण त्यांची नजर खड्ड्याच्या कडेला ठेवलेल्या पत्र्याच्या थाळीवर गेली आणि तिथेच अडकली. थाळीत दोन बोल्ट होते, बोटाएवढे, स्वच्छ पुसलेले.

"हे तुमच्या गाडीचे नाहीत," ते म्हणाले.

"मग कोणाच्या?"

"गाण्याच्या बाईंच्या. शाळेतल्या. सकाळी त्यांच्या गाडीचे ब्रेक पॅड बदलले." त्यांनी बोल्ट उचलून मुठीत घेतले. "चाकाजवळ ब्रेकचा जबडा असतो ना, तो या दोन बोल्टांवर धरलेला असतो. हे नसले तर..."

"फोन लावा त्यांना!"

फोन वाजत राहिला. परत लावला, परत वाजला. गाण्याच्या बाई गाडी चालवताना फोन उचलत नाहीत हे मिस्त्रींना माहीत होतं. त्या टेकडीपलीकडे बहिणीकडे जाणार होत्या, हेही त्यांनी वहीत लिहून ठेवलं होतं: 'टेकडीचा उतार, ब्रेक नीट बघ.'

"बसा गाडीत," ताई म्हणाल्या. "पाना घ्या, जॅक घ्या. पाना किती नंबरचा लागतो ते वहीत बघून घ्या."

शहराबाहेरचा रस्ता लागला. ताईंनी इतक्या वेगाने गाडी कधी चालवली नव्हती. प्रत्येक वळणावर त्यांना वाटायचं, आता पुढे गर्दी दिसणार, माणसं वाकून दरीत बघत असणार. मिस्त्री बोल्ट मुठीत घट्ट धरून बसले होते. मधेच त्यांनी विचारलं, "वहिनी, आपण कुठे निघालोय ते मला माहीत आहे हां. तुम्हाला वाटेल..."

"मला काही वाटत नाही. समोर बघा."

टेकडीच्या माथ्यावर पाण्याची टाकी आहे. उतार तिच्या पुढे सुरू होतो. टाकीच्या सावलीत एक निळी गाडी उभी होती आणि शेजारी छत्री घेऊन गाण्याच्या बाई, कमालीच्या चिडलेल्या.

"अहो मिस्त्री, बरे आलात! डाव्या चाकातून केव्हाचं खडखड खडखड चाललंय. माझा कान फसत नाही. म्हटलं, असं वाजणारं काहीही घेऊन मी उतार उतरणार नाही. काय करून ठेवलंत तुम्ही?"

ताईंनी मिस्त्रींकडे बघितलं. सारवासारव करणं सोपं होतं. रस्ता खराब, खडा अडकला, बोल्ट सैल झाला.

"दोन बोल्ट बसवायचे विसरलो," मिस्त्री म्हणाले. "तुम्ही थांबला नसतात तर ब्रेक लागला नसता."

गाण्याच्या बाई टाकीच्या कट्ट्यावर बसल्या.

मिस्त्रींनी चाक काढलं, बोल्ट बसवले आणि पाना ताईंच्या हातात दिला. "आता तुम्ही ओढून बघा. मी घट्ट म्हणतो त्यावर जाऊ नका." ताईंनी दोन्ही बोल्ट ओढले. मग दुसऱ्या बाजूचं चाकही काढायला लावलं. तिथले जागेवर होते.

घरी आल्यावर ताईंनी सगळं सांगितलं. यजमान ऐकत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर भीती दिसली, दुःख दिसलं. फक्त आश्चर्य दिसलं नाही. तिथेच ताईंनी त्यांना धरलं.

"तुम्हाला माहीत होतं."

यजमानांनी गुडघ्यावरचा शेक बाजूला केला. "गेल्या वर्षापासून. एकच गोष्ट दोनदा विचारायचा. म्हणून मी तिथे दिवसभर बसायचो. गप्पांच्या नावाखाली एकेक काम बघून घ्यायचो. राहिलेलं असलं की, 'अरे, ते फिल्टरचं झालं का?' असं सहज म्हणायचो. त्याला कळायचंही नाही."

"आपली गाडी तुम्ही बघून घेतलीत," ताई म्हणाल्या. "आणि बाकीच्यांच्या गाड्या?"

"त्याचं गॅरेज म्हणजे त्याचा जीव आहे गं. मी कुठल्या तोंडाने सांगणार होतो?"

"गाण्याच्या बाईंचा कान तीक्ष्ण आहे म्हणून वाचल्या. नाहीतर तुमचं ते तोंड कुठे लपवलं असतंत?"

इतक्या वर्षांच्या संसारात ताईंना यजमान पहिल्यांदाच परके वाटले. ज्या माणसावर डोळे मिटून विश्वास ठेवला होता, तो रोज समोर बसून एवढं पोटात ठेवू शकतो.

सकाळी उठल्या तर यजमान काठी घेऊन दारात उभे. "चल. त्याला डॉक्टरकडे मी घेऊन जाईन. पण आधी गॅरेजवर."

तिघं बाकावर बसले. गेल्या तीन महिन्यांत मिस्त्रींकडे आलेल्या सत्तावीस गाड्यांची यादी केली आणि एकेकाला फोन लावायला सुरुवात केली. यजमान नंबर लावून द्यायचे, ताई नावापुढे खूण करायच्या. ताई म्हणाल्या होत्या, बोलणं आम्ही करतो. मिस्त्रींनी फोन त्यांच्या हातून काढून घेतला.

"नमस्कार, मी मिस्त्री बोलतोय. तुमची गाडी दुसऱ्या कोणाकडून तरी तपासून घ्या. माझ्या हातून हल्ली चुका होतात."

काहीजण चिडले. एकाने लगेच बघितलं तर गाडीच्या चाकाचे नट सैल निघाले, त्याने तर नको नको ते सुनावलं. मिस्त्रींनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. बाकीच्या गाड्या नंतर तपासल्यावर ठीक निघाल्या. बेकरीवाले मात्र हसायलाच लागले. "काय मिस्त्री, सकाळी सकाळी गंमत करता का? तुमच्यासारखा हात अख्ख्या शहरात नाही."

"गंमत नाही," मिस्त्री म्हणाले. "आज गाडी बाहेर काढू नका." मग फोनवर हात ठेवून त्यांनी ताईंना विचारलं, "वहिनी, यांना मी हे आधी सांगितलं का?"

"नाही भाऊ, पहिल्यांदाच," ताई म्हणाल्या, आणि बेकरीवाल्यांच्या नावापुढे खूण केली.