चोपन्नावा प्लॅटिओसॉरस

दादाने आयुष्यभर एकाच डायनासोरची खेळणी जमवली: प्लॅटिओसॉरस. खानदानातला अगदी जुना, लांब मानेचा, पाला खाणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. संग्राहकांच्या त्रैमासिकात दादा त्यांची परीक्षणं लिही. तळहात जमिनीकडे वळलेले दिसले की दोन गुण कापी. "याचे हात असे वळतच नव्हते," तो म्हणे, "कारखानदाराचे वळतात, आपल्या खिशाकडे."

नियम एकच. महिनाभर फळीवर उभं ठेवल्याशिवाय परीक्षण नाही. दोन पायांवरचं मऊ रबरी जनावर ते. ऊन लागलं की घोटे वाकतात आणि स्वारी नाकावर आपटते.

चोपन्नावा फळीवर चढला आणि आठव्या दिवशी दादा गेला. परीक्षण माझ्या गळ्यात पडलं.

पाहायला गेलो, तर चारच्या ठोक्याला आतल्या खोलीत टप्प झालं.

"हे आले," म्हणत वहिनी उठल्या. चहाचे कप तीन मांडले.

आत चोपन्नावा पालथा पडला होता. खिडकीतलं ऊन नेमकं घोट्यांवर. वहिनींनी त्याला उभं केलं. "रोज मीच उठवते. जिवंतपणी तरी काय वेगळं होतं?"

दोन दिवसांनी पुतणीचा फोन आला. "काका, आई भुताला चहा पाजतेय! त्या खेळण्याचं काहीतरी करा, नाहीतर मी तिला इकडे घेऊन येते."

वहिनींना विचारलं, तर म्हणाल्या, "मी नाही जायची. हे आले आणि दाराला कुलूप दिसलं तर?"

मग वाकलेल्या घोट्यांवर दादा करायचा तोच उपाय मी केला. वहिनी बाहेर गेलेल्या असताना चोपन्नाव्याचे पाय गरम पाण्यात बुडवले, सरळ केले, गार पाण्यात धरले. गडी ताठ उभा राहिला.

चार वाजले. सव्वाचार झाले. वहिनी चहाचं भांडं धरून दारात उभ्या.

"आज यांनी उशीर केला हो, भावोजी."

त्यांच्याकडे बघवेना. पाण्याचं निमित्त करून आत गेलो आणि एका बोटाने त्याला ढकललं. टप्प.

"आले!" वहिनींचा आवाजच बदलला.

तेव्हापासून मी रोज पावणेचारला हजर. निवृत्तीनंतर माणसाला नोकरी मिळाली, तीही भुताची. संपादकांचा फोन आला, "अहो, तो उभा राहतो की पडतो, एवढं तरी कळवा!"

"दोन्ही," मी म्हणालो. त्यांनी फोन ठेवला.

मग मला तापाने गाठलं. तीन दिवस अंथरुणात. चौथ्या दिवशी धडपडत गेलो, तोंड लपवतच. तीन दुपारी त्या घरात काय शांतता पसरली असेल, हाच विचार वाटभर डोक्यात होता.

वहिनी प्रसन्न होत्या.

"तीन दिवस येता आलं नाही," मी पुटपुटलो.

"तुम्हाला नाही आलं. हे आले की, वेळेवर!"

मी आत धावलो. चोपन्नाव्याचे घोटे चाचपले. ते सरळ होते, दगडासारखे घट्ट. खिडकीचा पडदा ओढलेला होता. उन्हाचा कवडसासुद्धा नव्हता.

"आणि भावोजी," मागून वहिनी शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही फार जोरात ढकलता. हे हळू पडतात."

चारला दोन मिनिटं होती. मी बाहेर आलो, दोन्ही हात खिशात घातले आणि वहिनींशेजारी बसून राहिलो.