ओकसूनआजीनं भरून दिलेली बरणी

मित्रांनो, नरसीच्या आशाबाईंच्या ओसरीखाली, सरपणाशेजारी, चुन्याने बरबटलेली जी जुनी बरणी दिसते ती मीच. खांद्यापर्यंत तपकिरी, खाली पांढरी. परवा तुमच्यापैकीच कुणीतरी माझ्यावर पाय देऊन पेरू तोडले. तोडा बापडे, माझी आता तीच लायकी उरली आहे. पण या गावातल्या भल्याभल्या घरांतली भांडी हिंगोलीच्या पलीकडे गेलेली नाहीत, आणि मी कोरियाला जाऊन आले आहे, एवढं ऐकून घ्या.

दूर उत्तरेकडच्या एका भट्टीत मी भाजले गेले आणि गवतात गुंडाळून मालगाडीने हिंगोलीला आले. एक्क्याण्णव सालच्या उन्हाळ्यात आशाबाईंनी मला बाजारात बोटाने वाजवून पाहिलं, आवाज खणखणीत आला, तशा त्या मला कडेवर घेऊन घरी आल्या. तेव्हापासून मी लोणच्याची बरणी झाले. घर माळकरी. आंघोळ केल्याशिवाय मला कुणी हात लावायचा नाही. शेजारची वाटी घरात आली तर आशाबाई ती रिकामी परत पाठवायच्या नाहीत, आणि पुष्कळदा त्या वाटीत माझ्यातल्याच फोडी जायच्या. लोक बोटं चाटायचे आणि नाव आशाबाईंचं घ्यायचे. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही.

आशाबाईंचा एकुलता एक मुलगा विश्वंभर पुण्याच्या एका कारखान्यात इंजिनिअर होता. दोन हजार तीन साली कारखान्याने त्याला नवी यंत्रं शिकायला कोरियातल्या चांगवॉन या शहरात पाठवलं. आशाबाईंनी मला काठोकाठ भरलं, तोंडाला फडकं बांधलं, जुन्या गोधडीत गुंडाळलं आणि म्हणाल्या, "तिकडं काय खातेत देव जाणं. तू भातावर हेच घालून खात जाय."

तिथे तो ओकसून नावाच्या एका म्हाताऱ्या बाईच्या घरी भाड्याने राहायचा. तिला तो 'हालमोनी' म्हणायचा, म्हणजे आजी. पहिले काही दिवस तो खरोखरच माझ्यावर जगला. आजीने त्याला भात आणि लोणचं कालवताना पाहिलं आणि एक फोड मागून घेतली. तेल बघून तिने ती पाण्यात धुतली, तोंडात टाकली, डोळ्यांतून पाणी काढलं आणि मग वाटीच पुढे केली. त्यांच्याकडे असलं चटकमटक भाजीसारखं वाटीभर खातात. आठवड्याभरात माझा तळ दिसू लागला.

मग तिनेही हात आखडता घेतला नाही. तो मासे-मटण खात नाही हे कळल्यावर ती त्याच्यासाठी सोयाबीनच्या आंबवलेल्या गोळ्याचं वेगळं सार करायची, तिळाचं तेल घालून भाज्यांचा भात करायची. विश्वंभर उबदार फरशीवर मांडी घालून जेवायला शिकला. घरातलं वडील माणूस चमचा उचलेपर्यंत आपण थांबायचं, काही द्यायचं-घ्यायचं तर दोन्ही हातांनी, हे शिकला. रविवारी आजीबरोबर बाजारात जाऊन प्रत्येक पाल्याचं नाव विचारायचा. घरी आल्यावर तो ती नावं मोठ्याने घोकायचा, म्हणून मलाही तिकडची भाषा थोडीफार समजू लागली.

आजीच्या गच्चीवर काळपट मातीचे मोठे रांजण ओळीने उभे होते. कुणात मिरचीचं वाटण, कुणात आंबवलेलं सोयाबीन. ती रोज सकाळी ते ओल्या फडक्याने पुसायची. मला घासून तिने त्यांच्याशेजारी उन्हात ठेवलं आणि त्यांच्याबरोबर मलाही पुसू लागली. मला त्या दिवसांत कुणी परकं म्हटलं नाही.

थंडीच्या तोंडाला तिकडे गल्लीतल्या सगळ्या बायका एकत्र येऊन हिवाळ्याभराचं किमची घालतात. लांबट पानांचा कोबी मिठात मुरवायचा आणि पानापानात मिरची, लसूण, आलं, मुळा भरायचा. त्यात खारवलेली कोळंबीही घालतात. पण कोळंबी घालण्याआधी आजीने काही कोबी बाजूला काढले. दुसरी परात घेतली, हात साबणाने धुतले, बायकांना लांब बसवलं आणि तेवढं किमची एकटीने भरलं. नरसीतल्या कुठल्या घरात एवढं सोवळं पाळलं असतं ते तुम्हीच सांगा. विश्वंभर शेजारी बसून लसूण सोलत होता. त्याने हे सगळं डोळ्यांनी पाहिलं.

निघायच्या दिवशी तिने ते माझ्यात भरलं, वर थोडी जागा सोडली आणि मला दोन्ही हातांनी त्याच्या हातात दिलं. म्हणाली, "तुझ्या आईचं भांडं रिकामं कसं पाठवू? तिला आवडलं का, तेवढं कळव."

नरसीला पोचले तेव्हा माझी छाती अभिमानाने भरून आली होती. नेमके त्याच दिवशी विश्वंभरचे मामा, मसाजीराव, एक स्थळ घेऊन आले होते. मुलगी सीमा, वसमतची. तिचे वडील हरिचंद ओसरीवर बसले होते, गळ्यात तुळशीची माळ, पंचक्रोशीत शब्दाला वजन. आशाबाईंनी कौतुकाने मला सगळ्यांसमोर आणून ठेवलं. "पोराच्या घरमालकिणीनं भरून देल्लं, बगा." त्यांनी फडकं सोडलं. प्रवासात किमची आंबून वर आलं होतं. फसफस आवाज झाला आणि उग्र, आंबूस वास ओसरीभर पसरला.

हरिचंदांनी उपरणं नाकाला लावलं. "ह्याच्यात मासं घालत्यात म्हणं. आमच्या वळखीचा एक जण तिकडं जाऊन आला, त्यानं सांगितलं."

मसाजीमामा चरकले. "काहून रे विश्वंभर? व्हय का?"

सगळे त्याच्याकडे बघू लागले. मित्रांनो, त्याने एवढंच म्हणायचं होतं की आजीने हे वेगळं केलंय, मी बघितलंय. पण मग पुढचा प्रश्न आला असता: ज्या घरात मासे शिजतात त्याच चुलीवरचं तू खात होतास का? समोर सीमाचे वडील बसलेले. विश्वंभरने खाली मान घातली.

"मला काय म्हाईत," तो म्हणाला. "निघताना तिनं हातात देल्लं. मी तर तिथं भातावर लोणचंच खाल्लं."

"आपुन माळकरी हाव हे सांगितलं न्हाईस का तिला?" आशाबाईंनी विचारलं.

"सांगितलं व्हतं."

"मंग सांगून बी घातलं व्हय तिनं," आशाबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्या दुखावल्या होत्या. त्याने ते ऐकलं आणि तरीही तोंड उघडलं नाही. लग्न ठरलं.

किमची उकिरड्यावर गेलं. मला राखेने, चिंचेने घासलं, पण स्वयंपाकघरात परत घेतलं नाही. मी बाटले होते. लग्नासाठी भिंती रंगवायच्या होत्या, तो चुना कालवायला मी बरी पडले.

साखरपुड्याच्या आठवड्यात ओसरीवरचा फोन वाजला. ओकसूनआजी होती. विश्वंभर तिच्या भाषेत हळू आवाजात बोलू लागला आणि मी खाली बसून शब्दन् शब्द ऐकला. "आईला फार आवडलं, हालमोनी. सगळं संपलं." आजी इतकी हसली की ते फोनमधून मला खालीही ऐकू आलं. कुणी येणार असेल तर बरणी परत पाठव, पुन्हा भरून देते, असं ती म्हणाली असावी, कारण तो म्हणाला, "बरणी आई कुणाला देत नाही. फार जपते."

मी तेव्हा चुन्यात गळ्यापर्यंत बुडालेली होते. "कोण व्हतं रे?" आशाबाईंनी आतून विचारलं. "कंपनीतलं," तो म्हणाला.

गेल्या उन्हाळ्यात सीमा माहेरवाशिणीसारखी निवांत शेजारच्या चतुराबाईशी ओट्यावर बोलत बसली होती. पुण्यात एक कोरियन खाणावळ निघाली आहे आणि नवरा तिथे जाऊन ते कोबीचं लोणचं मागून मागून खातो, मित्रांना नेऊन एकेका पदार्थाचं नाव सांगतो, सगळे त्याला फार मानतात, असं ती सांगत होती. "आत्याबाईला सांगू नका बरं," ती हसून म्हणाली. चतुराबाईही हसली.

विश्वंभर ते आवडीने खातो, हे आता आशाबाई सोडून सगळ्यांना ठाऊक आहे. आशाबाई मात्र आल्यागेल्याला अजून सांगतात, "तिकडची माणसं लई वंगाळ. म्हातारी बाई, पण माझ्या लेकराला जाणूनबुजून बाटवाया निघाली व्हती."

मित्रांनो, मला घासून पुन्हा फडताळात ठेवा असं मागणं मी मागत नाही. तुम्हीही शिकून दूरदेशी जाल, परक्याच्या ताटात जेवाल. ज्याने तुम्हाला पोटभर घातलं त्याच्याविषयी घरी आल्यावर चारचौघांत खरं बोला, मग लग्न मोडलं तरी मोडू द्या. मला बोलता आलं असतं तर त्या दिवशी मीच बोलले असते. आशाबाई शहाण्या आहेत, त्यांनी ऐकलं असतं.