भस्मकेतूची पारख

"घ्या," प्रभावती म्हणाली आणि तिने टोपीवरचा दिवा खिडकीतून कपिलपुढे सरकवला.

कपिलने दिवा उचलला, पण तो जागचा हलेना. मागे पहिल्या पाळीची रांग खोळंबली होती.

"काय घ्या?"

"भस्मकेतू. गुरुवारी सकाळी निकाल सांगा म्हटलं होतं नं तूनं? सांगितला."

"काकू, मजाक करून राह्यल्या का तुम्ही?"

"मजाक कायले करू? हो पुढं. लोकं थांबले हायेत."

कपिल पुढे झाला, पण दोनदा वळून पाहत गेला. प्रभावतीने 'घ्या' म्हणणं म्हणजे घरच्या थोरल्या जावेने धाकटीला 'तू बस, मी भांडी घासते' म्हणण्यासारखं होतं. ऐकणाऱ्याला आधी आनंद होत नाही, संशय येतो.

राजूरच्या बाजूच्या त्या कोळसा खाणीत प्रभावती आठ वर्षं लॅम्परूममध्ये दिवे वाटत होती. खाली उतरणाऱ्याने पितळी टोकन द्यायचं, दिवा घ्यायचा. वर आल्यावर दिवा द्यायचा, टोकन परत घ्यायचं. भिंतीवरच्या खिळ्याला टोकन लटकत असेल तर त्याचा माणूस अजून खाली आहे, इतकं साधं काम. असं काम करणारी सेहेचाळीस वर्षांची बाई दुपारच्या रिकाम्या वेळात मोबाइलवर राक्षसांशी लढते हे कळल्यावर नव्या साहेबाला हसू आवरलं नव्हतं. हसू द्या बिचाऱ्याला. त्याची स्वतःची टोळी पहिल्याच डोंगरावर अडकून पडली होती.

गेमचं नाव रणकुंड. मोनाली, प्रभावतीची मुलगी, नर्सिंग शिकायला नागपूरला निघाली तेव्हा तिने तो आईच्या फोनमध्ये टाकून दिला होता. "रोज इथंच भेटत जाऊ आई, फोनपेक्षा बरं." परीक्षा आल्या आणि मोनालीने दोन महिन्यांत गेम सोडला. आई राहिली. पुढे खाणीतल्या बारा जणांची टोळी जमली, कपिल तिचा मुखिया झाला आणि प्रभावतीकडे पारख आली. गेममध्ये नवा वीर आला की तो काही दिवस वापरून बघायला मिळतो. प्रभावतीने त्याच्याबरोबर वीस लढाया लढायच्या आणि घ्यायचा की नको ते सांगायचं. दोन वर्षांत तिने चौदा वीर पारखले आणि बारांना नको म्हटलं. एकदाही चुकली नाही. तिचा नवरा धर्मपाल याच खाणीत गेलेला. दुधाने तोंड पोळलेली बाई ताकही फुंकून पिणारच, असं सगळे समजून होते.

या वेळी चूक परवडणारी नव्हती. रविवारी वणीला तालुक्यातल्या टोळ्यांची स्पर्धा होती. वर्षभर जमवलेले अंगारमणी एकाच वीराला पूर्ण ताकद देण्यापुरते होते आणि शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कुणाला द्यायचे ते ठरवायचं होतं. कपिलच्या मनात ढालवीर भरला होता. मार खातो, उभा राहतो, कुणाचं वाकडं करत नाही. सरकारी नोकरीतल्या जावयासारखा.

भस्मकेतूची तऱ्हा उलटी होती. अंगात पूर्ण जीव असताना त्याची तलवार बेताचीच चालते. जसजशा जखमा होतात तसतसा जोर वाढत जातो. जीव पाव हिश्श्यावर आला की त्याचं अंग पेट घेतं, आणि मग समोर राक्षस असो की राक्षसांचा राजा, टिकत नाही. पण ती आग तीन पावलांच्या आत उभ्या असलेल्या आपल्या माणसालाही जाळते. त्याला कुणी औषध देऊन वाचवू शकत नाही. थोड्या वेळाने तो विझतो, म्हणजे विझतोच. मोबाइलवर गेमचं ज्ञान वाटणारे सगळे एकमुखाने सांगत होते, की हा वीर घेणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

पाळी सुटल्यावर कँटीनमागच्या लिंबाखाली पाच जण जमले. स्पर्धेला जाणारे हेच पाच. कपिल, प्रभावती, पंप चालवणारे ऋतिक आणि बाबूसिंग, आणि निवृत्तीला चार महिने उरलेले सेवादासभाऊ. सेवादासभाऊंचा अंगठा फावड्याने इतका रुंद झालेला, की एक बटण दाबायला जावं तर तीन दाबली जात. तरी तिरंदाज त्यांच्याइतका कुणी चालवत नसे.

"वीसमधून किती जिंकल्या?" कपिलने विचारलं.

"नऊ."

"म्हणजे अकरा हारल्या. अन् तरी घ्या?"

"अकराच्या अकरा मी परत पाह्यल्या," प्रभावती म्हणाली. "दर वेळी त्याच्याजवळ कोणी नं कोणी उभं होतं. तो पेटते, अन् आपला माणूस तिथून हटत नाही. त्याच्यानं हारलो नाही आपण. जवळ थांबणाऱ्यानं हारलो."

"पण काकू, आपलाच माणूस जाळणारा हीरो कायले पाह्यजे आपल्याले? ढालवीर काय वाईट हाये?"

"ढालवीर घेऊन तू हारशीन नाही, पण जिंकशीन बी नाही. वणीले राक्षसांच्या राजाले कोण पाडंन? तू?"

ऋतिक हसला. कपिलला ते झोंबलं. तो पोरगा वाईट नव्हता. खाणीत छताला लोखंडी बोल्ट मारायचं काम करायचा, कुणाला खरचटलं तरी सगळ्यात आधी धावायचा. पण चार माणसांत हसू झालं की जिभेवरचा ताबा सुटतो, तसं त्याचं झालं.

"फाजील धाडसानं काय होते, ते तुमच्या घरी तरी सांगाची गरज नाही काकू."

बाबूसिंगने चहाचा कप खाली ठेवला. सेवादासभाऊ आपल्या फोनकडे पाहत बसले, आणि फोन तर बंद होता.

'फाजील धाडस' हे शब्द कपिलचे नव्हतेच. ते चौकशीच्या कागदातले होते. धर्मपाल ड्रेसर होता. सुरुंग उडाल्यावर सगळ्यांच्या आधी आत शिरायचं, लोखंडी सळईने छत ठोकायचं आणि आवाज ऐकायचा. खणखणीत वाजलं तर छत पक्कं, भद्द वाजलं तर सुटलेलं. सुटलेलं छत तो पाडायचा आणि मगच बाकीचे आत यायचे. नऊ वर्षांपूर्वी एका सकाळी ते छत त्याने पाडायच्या आधीच खाली आलं. कागदात लिहून आलं, 'स्वतःच्या फाजील धाडसामुळे'. प्रभावतीने तो कागद वाचला, घडी केला आणि पेटीत ठेवला. नवऱ्यावर तिचा रागही होता. काय गरज होती पुढे जायची, असं ती कितीदा त्याच्या फोटोला विचारून बसली होती. या आठवड्यात हरलेल्या अकरा लढाया एकामागून एक पाहताना मात्र तिला पहिल्यांदा वाटलं होतं, की आपण नऊ वर्षं चुकीच्या माणसावर रागावलो.

"कपिल," ती म्हणाली. आवाज चढला नाही. "त्या दिवशी तुह्या काकासोबत सहा जण होते. सहाच्या सहा वर आले. जो पुढं जाते त्याचं धाडस सगळ्यांले दिसते. बाकीचे मांगं कोणामुळं राह्यले, ते कोणी लिहिलं का?"

कपिलची मान खाली गेली. "मले तसं म्हणायचं नव्हतं, काकू."

"तूनं म्हटलं, मी ऐकलं. आता तू ऐक. एक लढाई लढू. भस्मकेतू मी चालवतो. हारली, तं रविवारी माह्या जागी दुसरा घेजो. पण तो पेटला की मी म्हणंन मांगं व्हा, तेव्हा मांगं व्हाचं. बस."

लढाई सुरू झाली. प्रभावतीचा भस्मकेतू सरळ राक्षसांच्या राजाच्या अंगावर गेला आणि मार खाऊ लागला. त्याचा जीव अर्ध्यावर आला, मग आणखी खाली. तलवार दर वारागणिक जड पडू लागली. राजा डगमगला.

"मांगं व्हा," प्रभावती म्हणाली.

तिघे मागे सरले. कपिल चालवत होता तो वैद्य मात्र औषध घेऊन पुढे धावला. भस्मकेतूचा जीव संपत आलेला त्याच्या डोळ्यांना दिसला आणि बोटं आपोआप चालली. खाणीतली माणसं अशीच असतात. खाली कुणी ओरडलं की ती पळत नाहीत, आवाजाकडे धावतात, आणि नेमकं तेच करू नये म्हणून दर महिन्याला त्यांना शिकवावं लागतं.

"कपिल, मांगं हो."

व्हायचं तेच झालं. वैद्य जळाला. त्याला उचलायला बाबूसिंग गेला, तोही जळाला. भस्मकेतू विझला आणि उरलेल्या दोघांना राजाने चिरडलं.

"हारली मी," प्रभावतीने फोन पिशवीत टाकला. "माही जागा दुसऱ्याले दे. पण निकाल बदलत नाही. टोळीच्या पानावर लिहून ठेव, प्रभावतीचं म्हणणं, भस्मकेतू घ्या."

"काकू, माह्यामुळं..."

"तुह्यामुळं असो की कोणामुळं, शब्द म्हणजे शब्द."

ती ताठ मानेने घरी गेली. घरी जाऊन चूल-पाणी केलं, मोनालीचा फोन आला तेव्हा हसून बोलली, आणि मग ओट्याशी उभी राहून थोडी रडली. जागा गेली म्हणून नाही. इतकं उघड दिसत असलेलं कुणाला दाखवता येत नाही, याचा तो संताप होता.

दुसऱ्या दिवशी कपिल खिडकीतून दिवा घेऊन लगेच पुढे झाला. दुपारी पाळी सुटल्यावर मात्र पाचही जण पुन्हा लिंबाखाली होते. प्रभावतीला सेवादासभाऊंनी बोलावून घेतलं होतं.

"वहिनी, बसा," ते म्हणाले. मग त्यांनी रुंद अंगठ्याने दुसऱ्या हाताचा तळवा चोळला. "कपिल, तुले सांगतो. मी त्या सहातला हाओ."

कपिलला हे ठाऊक नव्हतं. तो खाणीवर आला तोवर ती गोष्ट जुनी झाली होती.

"त्या दिवशी आमी बी त्याच्यामांगं आत शिरलो होतो. धर्मपालनं सळई ठोकली. आवाज आमी बी ऐकला. तो वरडला, मांगं व्हा. आमी झालो. तो तिथंच सळईनं छत दाबून उभा होता, आमी निघतवर. मी धावलो असतो तं मी बी गेलो असतो, माह्यामांगं अजून दोघं. हे मले बी समजते. पण मांगं झालो हे कोणत्या तोंडानं सांगावं? साहेबानं विचारलं तं आमी म्हटलं, तो आयकतच नव्हता, पुढं गेला." त्यांनी प्रभावतीकडे पाहिलं नाही. "नऊ वर्षं झाली, वहिनी. तुमच्या खिडकीतून दिवा घेतो अन् खाली पाह्यतो."

प्रभावतीला वाटलं होतं, हे कधी ऐकायला मिळालं तर आपण किंचाळू. ती किंचाळली नाही. तिच्या अंगातून नऊ वर्षांचं काहीतरी जड उतरलं आणि त्याच्या जागी धगधगीत राग आला, आणि त्या रागात सेवादासभाऊंची कीवही होती.

"मांगं झाले ते चुकलं नाही, भाऊ," ती म्हणाली. "खोटं बोलले ते चुकलं."

"हो," सेवादासभाऊ म्हणाले.

कपिलने फोन काढला. "काकू, अजून एक लढाई. जागेसाठी नाही. मले मांगं राहता येते का, ते पाहाचं हाये."

या वेळीही भस्मकेतू सरळ राजाच्या अंगावर गेला. त्याचा जीव उतरत होता आणि कपिलचा अंगठा वैद्याच्या बटणावर येऊन थांबला होता. "मांगं व्हा," प्रभावती म्हणाली. चौघे मागे सरले. कपिलने डोळे मिटून घेतले, पण वैद्याला हलवलं नाही. तिकडे आग लागली, राजा गुडघ्यावर आला, पडला. मग भस्मकेतूही विझला, एकटाच.

ऋतिक आणि बाबूसिंग ओरडत उठले. कँटीनवाल्याने बाहेर डोकावून पाहिलं. "मणी त्यालेच द्याचे," कपिल म्हणाला, "अन् रविवारी तुम्हीच चालवसान." मग त्याने जिंकल्याच्या पानाचा फोटो काढला आणि टोळीच्या ग्रुपवर टाकायला घेतला. प्रभावतीने त्याचा हात धरला.

पानावर चार नावं होती. रणकुंडात जिंकल्यावर उभे असलेल्यांचीच नावं दिसतात.

"पाचवं लिही," ती म्हणाली.

"काकू, गेमच दाखवत नाही नं ते."

"गेम नाही दाखवत. तू लिही."

कपिलने फोटोखाली टाइप केलं, भस्मकेतू. जरा थांबून त्याने सेवादासभाऊंकडे पाहिलं.

"त्याच्यापुढं लिही," सेवादासभाऊ सावकाश म्हणाले, "यानं आमाले मांगं सारलं. म्हणून आमी हाओ." मग त्यांनी खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. "अन् खाली माहं नाव टाक. सेवादास रामसिंग राठोड. पूर्ण टाक."

कपिलने पूर्ण नाव टाकलं आणि फोन प्रभावतीपुढे धरला. तिने प्रत्येक शब्दावर बोट ठेवत ते वाचलं.

"हेच आता कागदावर लिहा भाऊ," ती म्हणाली. "भस्मकेतूच्या जागी धर्मपाल लिहा. सोमवारी मी साहेबाच्या टेबलावर ठेवतो."

सेवादासभाऊंनी कपिलकडे पेन मागितलं.