वही कुणी जाळली

सेविका जोडीने चहाचा कप आर्नल्डसमोर ठेवला आणि काही न बोलता ती शेजारच्या म्हाताऱ्याकडे वळली. त्याला तिने आजोबा म्हटलं, त्याची उशी सारखी केली, बिस्किट चहात बुडवून भरवलं. वृद्धाश्रमात आर्नल्डला, आपल्या वडिलांना भेटायला आलेली बेव्हर्ली सलग तिसऱ्या रविवारी हेच पाहत होती. शेवटी तिने त्या मुलीला बाहेर गाठलं आणि माझ्या वडिलांचं काही चुकलं का, असं विचारलं.

जोडी जरा घुटमळली. मग म्हणाली, "तुमची ती वहीची कविता आम्हाला दहावीला होती. मी रडले होते वाचून. माझा बापही तसलाच. यांचं मी सगळं करते हो, अंग पुसते, गोळ्या देते. पण गोड बोलायला नाही जमत."

बेव्हर्ली स्टॅनिफोर्थचं सगळं नाव त्या एका कवितेवर उभं होतं. नंतरची चार पुस्तकं तिच्या प्रकाशकालाही धड आठवत नसत. तीस वर्षं ती शाळाशाळांतून, वाचनालयांतून तीच कविता वाचत हिंडली होती. त्या कवितेत ग्रिम्सबी बंदराच्या धक्क्यावर मासे कापणारा बाप घरी येतो आणि वास मारणाऱ्या हातांनी बारा वर्षांच्या मुलीची कवितांची वही शेगडीत टाकतो.

प्रत्यक्षात वही टाकली होती आईने. घरातली भांडणं लिहून ठेवतेस काय, म्हणत. आर्नल्डने जळती वही हाताने ओढून काढली होती. पुढे आठवडाभर त्याला सुरी धरता आली नव्हती.

कविता लिहिली तेव्हा आई इस्पितळात शेवटच्या दिवसांत होती. बेव्हर्ली स्वतःला हेच कारण देत आली. खरं कारण दुसरंच होतं. आईला घालून ती ओळ जमत नव्हती. बाप घातला आणि जमली.

पुस्तक आलं तेव्हा आर्नल्डने ते स्वयंपाकघरात उभ्याने वाचलं. तुझ्या आईने जाण्याआधी हे वाचलं होतं का, एवढंच विचारलं. नाही म्हटल्यावर पुस्तक मिटून ठेवलं. धक्क्यावरच्या माणसांनी त्याला त्यावरून किती वर्षं टोमणे मारले, ते तिला पुष्कळ उशिरा कळलं.

जोडीशी बोलून झाल्यावर ती आत येऊन आर्नल्डजवळ बसली. "बाबा, मी त्या मुलीला खरं काय ते सांगते."

"कशाला? तुझी आई गेली बिचारी. आता तिला नावं ठेवायची?"

"पण ती तुमच्याशी बोलत नाही."

"इथं बाकीचे बोलून बोलून डोकं खातात. ती एकटीच गप्प असते." त्याने चहा संपवला. "तू येत जा."

बेव्हर्लीने जोडीला काही सांगितलं नाही. बाबांनीच नको म्हटलं, असं मनाशी घोकत ती बसने घरी गेली. फेब्रुवारीत आर्नल्ड वारला. जोडीने त्याचे केस विंचरले होते, दाढीही केली होती. कामात तिची कसूर नव्हती. शेवटच्या दिवशी ते काही म्हणाले का, असं बेव्हर्लीने विचारलं तेव्हा ती म्हणाली, "माहीत नाही. मी त्यांच्याजवळ थांबत नसे."

एप्रिलमध्ये लिंकन शहरातल्या एका शाळेत बेव्हर्लीचं वाचन होतं. कविता संपल्यावर पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, तुमच्या वडिलांनी नंतर माफी मागितली का?

"वही त्यांनी जाळली नव्हती," बेव्हर्ली म्हणाली. "आईने जाळली. त्यांनी ती आगीतून काढली. मी खोटं लिहिलं."

मग त्याच मुलीने वर्गाच्या बाईंकडे पाहून विचारलं, "मग परीक्षेच्या पेपरात काय लिहायचं?"

शिक्षिका ओशाळून हसल्या. पाहुण्या बाईंची त्यांनी नजरेनेच क्षमा मागितली.

"वडीलच लिहा," त्या म्हणाल्या. "मार्क त्यालाच आहेत."

तीस माना वहीवर झुकल्या. बेव्हर्ली खुर्चीत बसून राहिली, आणि तिच्यासमोर सगळ्यांनी ते लिहून घेतलं.