दुसऱ्यांदा बांधलेली फीत

गावातल्या एकमेव दैनिकाच्या छायाचित्रकाराला शाळांच्या मैदानांवर सगळे ‘मामा’ म्हणत. ही हाक मुळात एकाच मुलीची, त्याच्या थोरल्या बहिणीच्या लेकीची होती. पण तिने ती एका सामन्यात भर गर्दीतून मारली आणि तेव्हापासून गावातल्या यच्चयावत खेळाडूंनी तो हक्क परस्पर आपल्याकडे घेतला. मामाची या नात्याला हरकत नव्हती. त्याची हरकत संपादकांच्या नियमाला होती.

नियम असा: शर्यतीचा फोटो एकच छापायचा, विजेती छातीने फीत तोडतानाचा, आणि फितीचे एक टोक प्रमुख पाहुण्यांच्या हातात दिसले पाहिजे. हा नियम कुठेही लिहिलेला नव्हता आणि म्हणूनच तो अभेद्य होता. लिहिलेल्या नियमात पळवाट सापडते. संपादकांच्या मनातल्या नियमात संपादकांखेरीज कोणाला प्रवेश नव्हता. परिणामी मामाने उमेदीची सगळी वर्षे एकाच जागी उभे राहून घालवली. मुली बदलत, पाहुणे बदलत, फोटो बदलत नसे. त्या फितीच्या आधी शर्यत नावाचे काही घडते, हे दैनिकाच्या वाचकांनी कधी पाहिले नव्हते आणि, संपादकांच्या मते, त्यांनी ते मागितलेही नव्हते.

भाची नेमकी या न मागितलेल्या भागात धावत असे. चौघींच्या रिलेत ती तिसरी. दुसरीला आणि चौथीला सरळ रेषेत धावायचे असते, त्याला पाय पुरतात. पहिलीला आणि तिसरीला वळण मिळते, आणि वळणावर अंग आत झुकवून वेग न सोडण्याची एक हट्टी अक्कल लागते. ती भाचीकडे होती. दुसरीने गमावलेले ती वळणावर वसूल करी आणि चौथीच्या हातात बॅटनबरोबर जिंकलेली शर्यतच ठेवी. चौथी ती घरी नेऊन पोचवी. फोटो अर्थातच पोचवणारीचा छापला जाई.

या वर्षी हे सगळे अंगाशी आले. दूरच्या एका निवासी क्रीडाशाळेने प्रवेशासाठी चाचणी ठेवली होती, आणि चाचणीला उभे राहण्यासाठी अट घातली होती की उमेदवाराचा वर्तमानपत्रात नावानिशी छापून आलेला फोटो हवा. म्हणजे मुलगी किती वेगाने धावते हे घड्याळ सांगणार होते, पण ते घड्याळ कोणासाठी सुरू करायचे हे गावोगावचे संपादक ठरवणार होते. विद्वत्तेच्या इतिहासात याहून मोठ्या चुका झाल्या असतील. इतक्या आत्मविश्वासाने झाल्या असतील की नाही, याची मामाला शंका होती.

“सख्खा भाऊ पेपरात, आणि पोरीचा एक फोटो नाही,” बहीण स्वयंपाकघरात भांडी आदळत म्हणाली. “शेजारीण विचारते, तुमचा भाऊ तिथे फोटोच काढतो ना, की चहा देतो?”

“ताई, तिसरीचा फोटो छापत नाहीत.”

“मग तिला चौथी कर.”

“मी कोण करणारा?”

“मामा ना तू? अख्ख्या गावाचा?”

भाची उंबऱ्यात बसून बुटांना चिकटलेली माती काडीने खरवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, “मी चौथी नाही धावणार.”

“का गं बाई?” आईने विचारले.

“हरू आम्ही. सरळ धावण्यात शिडी माझ्यापेक्षा फास्ट आहे.” शिडी म्हणजे संघातली चौथी, उंचीवरून नाव पडलेली. “आणि हरलेल्यांचे फोटोही छापत नाहीत. हो ना, मामा?”

मामाने होकारार्थी मान हलवली आणि त्याच क्षणी ठरवले की या खेपेला फितीपाशी उभे राहायचे नाही.

अंतिम स्पर्धेच्या दिवशी प्रमुख पाहुणे म्हणून रंगाचे दुकानदार आले होते. दैनिकाच्या शेवटच्या पानावर वर्षभर त्यांच्याच डब्यांची जाहिरात झळकत असे. तेव्हा त्यांच्या क्रीडाप्रेमाबद्दल प्रश्न विचारण्याचे कारण नव्हते. त्यांनी फितीचे टोक दोन्ही हातांनी धरले होते, जणू तिला बांधलेले जनावर पळून जाईल. मामा मात्र वळण संपते तिथे, बॅटन बदलण्याच्या पट्टीच्या पुढे, आतल्या गवतात गुडघ्यावर बसला. तिथून देणारी आणि घेणारी, दोघींचे चेहरे समोरून दिसतात. हे त्याला कित्येक वर्षे ठाऊक होते आणि कित्येक वर्षे त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

भाचीला बॅटन मिळाले तेव्हा संघ मागे होता. मग ती वळणात शिरली. मामाने भिंगातून पाहिले की ती बाहेरच्या दोघींना मागे टाकते आहे आणि तिचा चेहरा रागावल्यासारखा, तरीही शांत आणि पूर्ण सजग आहे. हात लांबवून तिने बॅटन शिडीच्या तळव्यात ठेवले. त्या क्षणी मागची मुलगी अजून वळणातच होती. मामाने बटण दाबले. आपल्याला काय मिळाले हे त्याला पडद्यावर न पाहताही कळले. नंतर त्याने कर्तव्य म्हणून मागे वळून आणखी एक फोटो काढला: शिडीची पाठ, आणि पाठीपलीकडे ठिपक्याएवढे रंगवाले.

“हे कोण?” कार्यालयात संपादकांनी चष्मा कपाळावर चढवून विचारले.

“तिसरी धावपटू. शर्यत हिने जिंकली.”

“फीत हिने तोडली?”

“नाही, फीत चौथीने तोडली. पण तेव्हा शर्यत संपलेली होती. साहेब, नीट बघा, मागे कोणी आहे का?”

“मागे कोणी नाही तेच म्हणतोय मी. रंगवाले कुठायत?”

मामाने दुसऱ्या फोटोतला ठिपका दाखवला. संपादकांनी चष्मा नाकावर घेतला आणि पुन्हा पहिल्या फोटोतल्या मुलीवर बोट ठेवले.

“ही तुमची भाची ना?”

“हो.”

“मग आपण हा छापला तर लोक काय म्हणतील?”

मामाला म्हणावेसे वाटले की लोक म्हणतील, या पेपरात शेवटी एकदा शर्यत छापून आली. पण संपादकांशी वाद घालणे म्हणजे भिंतीला टेकून भिंतीला ढकलणे होते, आणि तो व्यायाम त्याने पुरेसा केला होता. संपादक त्यांच्या पद्धतीने उदार झाले. “असू द्या. चूक होते माणसाची. उद्या सकाळी मुलींना परत बोलवा, फीत बांधा, रंगवाल्यांना मी आणतो. पुलाचं उद्घाटन नव्हतं का आपण दोनदा केलं?”

केले होते. पुलाने तक्रार केली नव्हती, या एका पुराव्यावर दैनिकाने ही पद्धत पुढे चालू ठेवली होती.

सकाळी चौघी गणवेशात आल्या. क्रीडाशिक्षिका शिट्टीचा दोरा बोटाला गुंडाळत उभ्या होत्या. रंगवाले रंगाच्या धंद्याला साजेसा नवा सदरा घालून आले होते. आदल्या दिवशी तुटलेल्या फितीला गाठ मारली होती आणि गाठ रंगवाल्यांच्या मुठीत लपवली होती.

शिडीने मामाला आणि भाचीला बाजूला ओढले. “मामा, मी नाही धावत. हिला धावू द्या.”

“काय बोलतेस?”

“माझी कात्रणं आईनं फाइलला लावलीत, आता फाइल मिटत नाही. हिचं एकही नाही. त्या फीतवाल्या काकांना कुठे कळतंय कोण कोण ते? काल फीत तोडली तर ते काका मला म्हणाले, शाब्बास बाळ, कितवीत आहेस. तेवढीच आमची ओळख.”

“आणि बाई?”

“बाईंनी काही पाहिलं नाही,” क्रीडाशिक्षिका आभाळाकडे बघत म्हणाल्या.

मामाने भाचीकडे पाहिले. ती म्हणाली, “खोटं आहे ना पण हे.”

“पूर्णच खोटं आहे,” शिडी म्हणाली. “मी धावले असते तरी खोटंच होतं. आज शर्यत कुठे आहे?”

या युक्तिवादात मामाला एकही फट सापडली नाही, आणि त्याचाच त्याला संताप आला. खरा फोटो त्याच्या कॅमेऱ्यात बंद होता. खोट्यासाठी मैदान, पाहुणे, फीत आणि सकाळचे कोवळे ऊन अशी जय्यत तयारी होती. भाची दहाबारा पावले मागे गेली, धावत आली आणि फितीवर आदळली.

“हसली नाही,” रंगवाले म्हणाले. “पुन्हा.”

फीत पुन्हा बांधली गेली. भाची हसली. मामाने बटण दाबले.

फोटोखालचा मजकूर मामाच लिहीत असे, तेव्हा निदान शब्दांत तरी अब्रू राखावी म्हणून त्याने भाचीच्या नावापुढे ‘तिसऱ्या टप्प्यात संघाला आघाडी मिळवून देणारी’ असे लिहिले. फोटोत फीत आणि पाहुणे दोन्ही असल्यामुळे मुलगी कोणाची भाची आणि कितवी, हा प्रश्न संपादकांना या वेळी पडला नाही; मजकूर वाचून मात्र त्यांनी पेन उचलले.

“तिसऱ्या टप्प्यातली मुलगी फीत कशी तोडेल? वाचक काय मूर्ख आहेत?” त्यांनी ‘तिसऱ्या’ खोडून ‘अखेरच्या’ केले. सत्याच्या बाबतीत त्यांनी दाखवलेली मामाच्या माहितीतली ही पहिलीच दक्षता होती.

कात्रण अर्जाला जोडले गेले, चाचणीचे बोलावणे आले. बहिणीने शेजारणीला अंक नेऊन दाखवला आणि तिथेच विसरून येण्याची काळजी घेतली.

क्रीडाशाळेच्या मैदानावर एक प्रशिक्षक गळ्यात घड्याळ अडकवून अर्ज चाळत होता. भाचीच्या अर्जापाशी तो थांबला. “अखेरचा टप्पा. छान. सरळवाल्यांत उभी राहा.”

“सर, मी वळणावर धावते.”

त्याने कात्रण तिच्यापुढे धरले. “इथे काय लिहिलंय?”

मामा पुढे झाला. “अहो, ते लिहिण्यात चुकलंय. मी त्याच पेपरात आहे. ही तिसरी धावते.”

“म्हणजे फीत हिने तोडली नाही?”

मामाने तोंड उघडले. ‘नाही’ म्हटले की कात्रण खोटे ठरत होते आणि कात्रणाशिवाय चाचणी नव्हती. ‘हो’ म्हटले की भाची सरळ रेषेत जात होती. बाहेरगावच्या एका मैदानावर त्याला प्रथमच उमगले की संपादकांचा नियम दैनिकापुरता नव्हताच. तो सर्वत्र लागू होता, इथे फक्त त्याच्या गळ्यात घड्याळ होते.

“तोडली,” भाची म्हणाली आणि सरळवाल्यांत जाऊन उभी राहिली.

ती जीव तोडून धावली, हे मामाला दिसत होते. सरळ रेषेवर जीव तोडूनही उंच मुलींच्या ढांगांपुढे काही चालत नाही, हेही दिसत होते. पलीकडच्या वळणावर दुसरा गट धावत होता. त्यातली सगळ्यात पुढची मुलगी वळणात बाहेर फेकली जात होती, आणि तिच्या नावापुढे कोणीतरी समाधानाने खूण करत होते.

यादीत भाचीचे नाव शेवटी आले, ‘राखीव’ म्हणून. बहिणीने फोनवर एवढेच ऐकले की नाव आले आहे, आणि फोन ठेवून दिला, बहुधा शेजारी जायचे होते.

परतीच्या बसमध्ये मामा खिडकीकडे तोंड करून बसला. त्याच्या मनात प्रशिक्षकाला, संपादकांना आणि रंगवाल्यांना उद्देशून एक लांबलचक, निर्दोष वाक्य तयार होत होते, ज्याचा उच्चार करण्याजोगी एकही जागा या जगात नव्हती.

“मामा, तू उगाच चिडलायस,” भाची म्हणाली.

“उगाच?”

“तिथे निवडलेल्या सगळ्या जणी कात्रणवाल्या. म्हणजे सगळ्या चौथ्या. वळणावर पळवलेल्याही बाहेरच फेकल्या जात होत्या. रिलेचा संघ करायला बसले की वळणावर कोण धावणार? मग राखीव मुलगी लागेल.”

मामाने तिचे म्हणणे मनात तपासले. हिशेब चोख होता. ज्या मूर्खपणाने तिला बाहेर ठेवले तोच तिला आत घेणार होता, आणि त्याबद्दल कोणाला जराही लाज वाटणार नव्हती. त्याला भाचीचा अभिमान वाटायला हवा होता. त्याऐवजी इतक्या लहान वयात तिला हे जग इतके नीट कळावे, याचाच त्याला राग आला.

“आणि तिथेही फोटो चौथीचाच छापतील,” तो म्हणाला.

“छापू देत,” भाची म्हणाली आणि बूट काढून तिने पाय समोरच्या सीटखाली लांब केले.